झाडामागचे सर

१९८४ सालचा उन्हाळा. शिवाजी पार्कावर रमाकांत आचरेकर सरांचं सुट्टीतलं शिबिर चालू होतं. चाचणीला कुणीही यावं, नेटमध्ये फलंदाजी करून दाखवावी, आणि घ्यायचं की नाही ते सरांनी ठरवावं, असा रिवाज. वांद्र्याच्या साहित्य सहवासातून अजित तेंडुलकर आपल्या धाकट्या भावाला घेऊन आला. सचिन तेव्हा अकरा वर्षांचा. कॉलनीत टेनिस बॉलवर मनसोक्त खेळलेला, पण नेटमध्ये, एवढ्या अनोळखी मुलांच्या गर्दीत फलंदाजी करायची सवय नाही. त्याची पाळी आली तेव्हा सर जवळ उभं राहून निरखत होते. त्याला काही जमेना. सरांनी अजितला बाजूला घेतलं आणि सांगितलं की पोरगा अजून लहान आहे, थोडा मोठा झाला की आण.

अजितने मान डोलावून भावाला घरी नेलं असतं तर त्याला कुणी नावं ठेवली नसती. त्याने मात्र सरांकडे आणखी एक संधी मागितली आणि तिला एक अट जोडली. हा एरवी असा खेळत नाही, तुम्ही बघताय म्हणून बावरलाय. तेव्हा तुम्ही निघून गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. सरांनी ते ऐकलं. ते तिथून हलले आणि एका झाडाच्या आडून पाहू लागले. सर गेले असं समजून मुलगा पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी चेंडू बॅटीच्या मधोमध बसायला लागला. त्याला शिबिरात घेतलं गेलं.

सचिनने २०१४ साली आलेल्या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितलाय, आणि मुंबईच्या मैदानांवर तो कितीतरी आधीपासून सांगितला जातो. सांगणाऱ्याचा रोख बहुतेक वेळा पुढच्या शंभर शतकांवर असतो. मला त्या दोन फलंदाजींच्या मधल्या काही मिनिटांबद्दल बोलायचंय. मी कोचिंगचं काम करते. क्रिकेटचं नव्हे, नोकरीत वरच्या जागेवर पोचलेली आणि तिथे अवघडून गेलेली माणसं माझ्याकडे येतात. या व्यवसायात ज्या प्रश्नाला आम्ही सहसा हात घालत नाही, तो प्रश्न मला या एका प्रकरणात सगळाच्या सगळा दिसतो: आपण समोरच्याला पाहतो तेव्हा नक्की काय पाहत असतो?

आधी मुलाच्या बाजूने पाहू. पहिल्या आणि दुसऱ्या फलंदाजीत बदललं काय? नेट तेच होतं, बॅट तीच होती, मुलगाही तोच. भोवतालची पोरंही तिथेच होती. फक्त एक माणूस कमी झाला, आणि तोही मुलाच्या समजुतीपुरता. म्हणजे अडचण गर्दीची नव्हती. ज्याच्या हातात निकाल होता, त्याच्या डोळ्यांची होती.

मानसशास्त्रात हा विषय जुना आहे. इतरांच्या हजेरीत माणसाचं काम कधी सुधारतं आणि कधी बिघडतं, याची मोजदाद नॉर्मन ट्रिपलेट यांच्या १८९८ सालच्या अभ्यासापासून चालू आहे. १९६५ साली रॉबर्ट झायन्स यांनी त्या उलटसुलट निष्कर्षांची एक सोपी उकल मांडली: कुणी बघत असलं की अंगात मुरलेली हालचाल आणखी जोरात बाहेर येते. काम सरावाचं असेल तर ते बरं होतं, नवखं असेल तर हात चुकतो. चार वर्षांनी त्यांनी हे झुरळांवरसुद्धा करून पाहिलं. सरळ वाटेवर प्रेक्षक झुरळांसमोर झुरळं जास्त वेगाने पळाली, वळणाच्या वाटेवर मंदावली. अकरा वर्षांच्या सचिनला नेट ही वळणाची वाट होती.

पण या प्रकरणाला जास्त जवळचा प्रयोग निकोलस कॉट्रेल आणि सहकाऱ्यांचा, १९६८ सालचा. त्यांनी काही जणांना एकट्याने काम करायला दिलं, काहींना बघणाऱ्यांसमोर, आणि काहींना अशा माणसांच्या सोबतीत ज्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली होती. पट्टीवाल्यांच्या नुसत्या हजेरीने फरक पडला नाही. बघू शकणाऱ्यांनी पडला. आपल्याला जोखलं जातंय, ही जाणीव माणसाच्या हातापायांत शिरते. अजितने हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्याने भावाला कॉलनीत खेळताना पाहिलं होतं, म्हणजे ज्या डोळ्यांची सचिनला भीती नव्हती अशा डोळ्यांनी पाहिलं होतं. सरांपेक्षा अजितला क्रिकेट जास्त कळत होतं असं कोण म्हणेल? तरीही सरांना न दिसलेली गोष्ट त्याला दिसली होती, कारण त्याच्या पाहण्याने ती मोडत नव्हती.

एकलव्याची गोष्ट मला इथे आठवते, आणि शिकवताना ती आपण किती वेगळ्या कारणासाठी सांगतो याचं नवल वाटतं. गुरुभक्ती, अंगठा, अन्याय, हे सगळं त्यात आहेच. पण शिकण्याच्या दृष्टीने पाहिलं तर एकलव्यासमोर द्रोणाचार्य मातीचे होते. त्या पुतळ्याला डोळे होते पण ते बघत नव्हते. गुरू समोर असल्याचं बळ मिळत होतं आणि गुरू तोलत असल्याचा धाक नव्हता. राजपुत्रांना द्रोण प्रत्यक्ष मिळाले, त्यांची नजरही मिळाली. एकलव्य पुढे गेला त्यात या मातीच्या डोळ्यांचा वाटा किती असेल, हा विचार मी बरेच दिवस करत आलेय.

आता सरांच्या बाजूने. आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते, १९६३-६४च्या मोसमात, स्टेट बँकेकडून. त्यांची खरी कमाई ही त्यांची नजर. कुठल्या मुलाचा पाय हलतोय, कुठल्याचा खांदा पडतोय, हे ओळखणारी. वर्षानुवर्षं त्या नजरेवर विसंबून त्यांनी मुलं निवडली, आणि त्या दिवशी त्याच नजरेने दिलेला निकाल त्यांनी तोंडाने बोलून दाखवला होता. अशा वेळी कुणी तरुण येऊन सांगतो की तुमच्या बघण्यामुळेच हा असा खेळला. हे ऐकून बाजूला होणं किती अवघड आहे, ते मी माझ्या अनुभवाने सांगू शकते.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीतले एक अधिकारी माझ्याकडे यायचे. दर महिन्याच्या आढावा बैठकीत वरिष्ठांपुढे बोलताना त्यांची गाडी अडकायची. मी म्हटलं, मी येऊन बसते, म्हणजे नेमकं कुठे बिनसतं ते कळेल. रीतसर परवानगी काढली आणि कोपऱ्यात वही उघडून बसले. त्या दिवशी ते नेहमीपेक्षाही वाईट बोलले. माझ्या वहीत मी लिहिलं होतं: तयारी अपुरी, मुद्द्यांना क्रम नाही, प्रश्न येण्याआधीच बचाव. पुढच्या भेटीत मी ते त्यांना वाचून दाखवलं, आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात होते. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहायला लागलात ना, तेव्हापासून मी काय बोलतोय तेच मला ऐकू येईना." त्या टिपणात खोटं काहीच नव्हतं. पण तो माणूस मी पाहिलाच नव्हता. मी पाहिला होता माझ्या वहीसमोर बसलेला माणूस, आणि त्याच्यावरून निदान करून मोकळी झाले होते.

ज्याँ-पॉल सार्त्र यांनी १९४३ साली दुसऱ्याच्या नजरेबद्दल लिहिताना एक उदाहरण दिलंय. एकजण किल्लीच्या भोकातून आत डोकावतोय आणि आतल्या दृश्यात पार बुडालाय. त्याला स्वतःचं भान नाही. फक्त ते दृश्य आहे. तेवढ्यात मागे पावलं वाजतात. त्या क्षणी तो पाहणारा उरत नाही, पाहिला जाणारा होतो. आपण वाकलोय, चोरून बघतोय, हे सगळं त्याला एकदम जाणवतं. सार्त्र लाजेबद्दल बोलत होते. फलंदाजालाही हे लागू पडतं. चेंडू येताना तो पूर्ण चेंडूत असायला हवा. सरांकडे लक्ष गेलं की तो चेंडूतून बाहेर येतो आणि स्वतःला बाहेरून बघायला लागतो: माझं कोपर बरोबर आहे का, सरांना हे आवडलं का. तोवर चेंडू येऊन गेलेला असतो.

इथे एक शंका प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. दुसऱ्यांदा खेळताना माणूस तसाही बरा खेळतो. हात मोकळे झालेले असतात, जागेची ओळख झालेली असते. पहिला प्रयत्न फारच वाईट गेला असेल तर दुसरा त्याहून बरा जाण्याची शक्यता मुळातच जास्त असते. सर जागेवरच उभे राहिले असते तरी सचिन दुसऱ्या वेळी चमकला असता का? एका मुलाच्या एका सकाळीवरून याचं उत्तर देता येणार नाही. सचिन स्वतः मात्र फरकाचं कारण सरांची नजर हटली हेच सांगतो, आणि खेळणाऱ्याच्या स्वतःच्या साक्षीला मी बरंच वजन देते.

दुसरा प्रश्न नीतीचा. ती सरळसरळ फसवणूक होती. मुलाला वाटलं सर गेले. सर गेले नव्हते. मला वाटतं त्या प्रसंगात ती क्षम्य होती. मुलगा अजाण होता, त्याच्या बाजूने मोठ्या भावाने ती मागितली होती, आणि फसण्यात मुलाचं नुकसान काही नव्हतं, मिळवण्यासारखं होतं. माझ्या कामात मात्र हे चालणार नाही. माझ्यासमोर मोठी, कळती माणसं असतात. मी बघत नाही असं सांगून बघत राहिले तर एके दिवशी त्यांना ते कळेल, आणि त्यानंतर माझी गैरहजेरीसुद्धा त्यांना पाळत वाटेल. मला झाड हवं असेल तर ते त्यांना दाखवूनच उभं करायला लागेल.

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाने १९५८ साली छापलेल्या एका निबंधात एक विलक्षण गोष्ट मांडलीय. एकटं राहण्याची क्षमता मुलाला एकटं टाकून येत नाही. आई जवळपास आहे, पण ती काही मागत नाही, सुचवत नाही, ढवळाढवळ करत नाही. अशा सोबतीत मूल स्वतःत रमायला शिकतं, आणि मग खरोखर एकटं असतानाही ते रमू शकतं. आपल्याकडे स्वयंपाकघरात आई भाजी निवडत असते आणि पोर जमिनीवर चमचे-वाट्या घेऊन बसलेलं असतं. आई उठून गेली की ते रडतं आणि आई खेळात घुसली की चिडतं. झाडाआडचे सर मला त्या भाजी निवडणाऱ्या आईसारखे दिसतात.

एवढ्यावर थांबले तर प्रकरण अर्धंच राहील, कारण सर कायमचे झाडाआड राहिले नाहीत. उलट पुढच्या काळात त्यांनी त्या मुलाला नजरांच्या माऱ्यात उभं केलं, आणि तेही पायरीपायरीने. दिवसाच्या शेवटी मधल्या स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. शिबिरातले गोलंदाज एकामागून एक येणार, मैदानातली साठ-सत्तर मुलं झेलायला टपलेली. जो बाद करेल नाणं त्याचं. शेवटपर्यंत टिकला तर सचिनचं. त्यानंतर पॅड-ग्लव्ह्जसकट शिवाजी पार्काला दोन फेऱ्या. एका सुट्टीत साठ दिवसांत पंचावन्न सराव सामने. स्कूटरवर मागे बसवून सर एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेणार. मुलगा कॉलनीतच खेळत राहिला तर स्कूटर साहित्य सहवासात हजर. जो मुलगा एका नजरेने गोठला होता, त्याला सत्तर नजरांसमोर रोज उभं केलं गेलं, पण त्या नजरांमध्ये निकाल नव्हता. डाव होता, आणि डाव रोज नव्याने मांडला जायचा.

नाण्याबद्दल अभ्यासकांना अडखळायला होईल. एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली दाखवलं की आवडीने कोडी सोडवणाऱ्यांना त्यासाठी पैसे दिले की नंतर त्यांची मुळातली गोडी ओसरते. मग रुपयाने सचिनची गोडी का ओसरली नाही? मला उत्तर त्या नाण्याच्या जागेत दिसतं. ते सरांच्या खिशातून बक्षीस म्हणून येत नव्हतं. स्टंपवर सगळ्यांना दिसेल असं ठेवलेलं असायचं. सर खूश झाले म्हणून ते मिळत नसे, सर रागावले म्हणून जात नसे. तू बाद झालास की नाही, एवढंच ते सांगायचं. सरांची नजर त्यांनी स्टंपवर ठेवून दिली होती म्हणा ना. सचिनने अशी तेरा नाणी जिंकली आणि ती आजही आपल्याला फार मोलाची आहेत असं तो सांगतो.

शाबासकीचंही तसंच. १६ नोव्हेंबर २०१३ला वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिनने हसत सांगितलं की गेल्या एकोणतीस वर्षांत सर मला कधी 'छान खेळलास' म्हणाले नाहीत, मी सुस्तावेन अशी त्यांना धास्ती होती. आता आयुष्यात सामनाच उरला नाही तेव्हा म्हणायला हरकत नाही. सारं मैदान त्या वेळी हेलावलं होतं. मलाही गलबलून आलं होतं. पण कोच म्हणून मी इथे दोन मनांची आहे. एव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायावरचे सहाशेहून जास्त निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा त्यातल्या एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायाने काम बिघडलेलं निघालं. अभिप्रायाने लक्ष कामावरून उडून 'मी कसा आहे' याकडे वळतं, तिथे तो बाधतो, असं त्यांचं म्हणणं. त्या हिशेबाने सरांचं मौन हे झाडाचंच दुसरं रूप ठरतं. स्तुतीसुद्धा नजरच असते. हे मला पटतं. तरीही एकोणतीस वर्षं? मूल मोठं झालं, बाप झालं, आणि तरी तो शब्द मिळाला नाही, यात फक्त पद्धत होती असं मी म्हणू शकत नाही. त्या पिढीतल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांना कौतुक तोंडावर आणता येत नसे, आणि आपण त्याला शिस्त म्हणत आलो.

थपडेबद्दल मात्र मी दोन मनांची नाही. सरांनी ठरवून दिलेला सराव सामना बुडवून सचिन शाळेच्या मोठ्या संघाचा सामना बघायला, टाळ्या वाजवायला वानखेडेवर गेला. सर तिथे भेटले, किती धावा केल्यास म्हणून विचारलं, आणि खरं कळल्यावर अशी थप्पड दिली की हातातला डबा उडून खाणं सांडलं. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवू नकोस, असं खेळ की लोक तुला बघायला येतील, हा सरांचा शब्द सचिन कृतज्ञतेने आठवतो. त्याची कृतज्ञता खरी आहे, ती त्याची आहे. पण जो जिंकला त्याच्या कृतज्ञतेवरून थप्पड बरोबर ठरत नाही. ज्यांना थप्पड बसली आणि जे पुढे खेळलेच नाहीत, त्यांना आपण माईकसमोर बोलावत नाही.

फेब्रुवारी १९८८मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेकडून सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून राहिला, त्याची पाळी आलीच नाही. तो अमोल मुझुमदार. तिघेही आचरेकर सरांचे. एक दोनशे कसोटी खेळला. एकाची कसोटी कारकीर्द ५४च्या सरासरीनंतरही सतरा सामन्यांत आटोपली. तिसऱ्याने प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही भारतीय संघाचा दरवाजा त्याला उघडला नाही. कोचिंगची प्रकरणं लिहिताना आम्ही पहिल्याचं लिहितो आणि पद्धत सिद्ध झाली असं समजतो. त्या तिघांनाही एकच नजर मिळाली होती. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने एकदिवसीय विश्वचषक जिंकला तेव्हा मुख्य प्रशिक्षक मुझुमदार होते. सीमेबाहेर बसून दुसऱ्यांना खेळताना बघण्याचा सराव त्यांना शाळेपासूनचा.

झाडाचा प्रसंग मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगत नाही. तो मी मला सांगते. त्या अधिकाऱ्यांबरोबर पुढे असं झालं, की मी वही बंद केली आणि त्यांना विचारलं, पुढच्या बैठकीच्या वेळी मी कुठे असलेली तुम्हाला चालेल? ते जरा विचार करून म्हणाले, "इमारतीत असा, पण खोलीत नको." मी खाली उपाहारगृहात चहा घेऊन बसले. तासाभराने ते उतरले आणि वर काय झालं ते स्वतःच सांगायला लागले. कुठे अडलो, कुठे सावरलं, कुणाच्या प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणून मोकळा झालो. माझ्या टिपणात जे जे होतं ते सगळं त्यांच्या तोंडून आलं, शिवाय मला कधीच दिसलं नसतं असंही बरंच. मी विचारलं, पुढच्या महिन्यात येऊ का? "या," ते म्हणाले, "पण इथेच."